जेटपासून मिलिसेकंदापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात कार्बोरेटरवर झाली. जुन्या मोटरसायकलींचे कार्बोरेटर उघडायचे, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, साफ करायचे, झिजलेली निडल बदलायची, फ्लोटची उंची लावायची आणि प्लगचा रंग बघून मिक्श्चर ठरवायचं. मी फिटर. भागीदार रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतून आलेला. इंजिन माझं, वायरिंग त्याची, अशी आमची सरळ वाटणी होती. मग आम्ही जुन्या गाड्यांवर कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवायला लागलो आणि त्या कामानं ती वाटणी मोडली. आज आमचा धंदा ज्या कौशल्यावर उभा आहे, ते त्याच्या बाजूचं आहे.

कार्बोरेटरबद्दल आम्हाला आजही मनापासून आदर आहे. एकाही वायरीशिवाय, नुसत्या हवेच्या ओढीवर पेट्रोल मोजणारी ती वस्तू आहे. पण येणाऱ्या तक्रारी एकाच जातीच्या होत्या. घाटमाथ्यावर गेलं की गाडी काळा धूर सोडते आणि पिकअप जातो. हे होणारच, कारण 2000 मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 18 टक्के विरळ असते आणि जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं. काही महिने गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि सगळ्यात बारीक असलेला पायलट जेट बुजतो. त्यात इथेनॉलची भर पडली. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते. 10 टक्के इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण 14.1 च्या आसपास येतं, 20 टक्क्यांना साधारण 13.5. जेट तोच ठेवला तर इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर, चालतं, आणि एअर-कूल्ड इंजिनाला ते सोसत नाही. आम्ही जेट बदलून द्यायचो, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, आणि ऋतू बदलला की तीच गाडी पुन्हा दारात यायची.

मोटरसायकलवर इंजेक्शन काही नवं नव्हतं. कावासाकीनं 1980 मध्येच झेड1000 च्या एका मॉडेलवर ते दिलं होतं, बीएमडब्ल्यूची के100 1983 मध्ये इंजेक्शन घेऊनच आली. आमच्यासारख्या छोट्या कार्यशाळेला दार उघडलं ते मात्र खुल्या पद्धतीच्या ईसीयूंनी, म्हणजे किती पेट्रोल कधी फवारायचं ते ठरवणाऱ्या छोट्या संगणकांनी. बोलिंग आणि ग्रिप्पो या जोडीचं मेगास्क्वर्ट, आणि नंतर आर्डुइनो मेगा या तयार सर्किट बोर्डवर चालणारं स्पीडुइनो. आत काय चाललंय ते दिसतं, बदलता येतं, आणि हजारो लोकांनी ते आपापल्या इंजिनांवर घासून पुसून घेतलेलं आहे. भागीदार त्याचे नकाशे घेऊन बसला आणि मी त्याच्या शेजारी बसून शिकायला लागलो.

इंजेक्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेली नळी) आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर येतात. ते बसवणं त्यातल्या त्यात सोपं. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) अ‍ॅडॉप्टर लेथवर करून घेतला की झालं. खरी लढाई विजेची असते. साधारण 3 बार दाब धरणारा पंप 3 ते 4 अँपिअर खातो, म्हणजे जवळपास 50 वॅट. इंजेक्टर, ईसीयू आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरचा हीटर त्यावर वेगळे. जुन्या छोट्या गाड्यांची वीज बनवणारी मॅग्नेट कॉइल कित्येकदा शंभर वॅटसुद्धा देत नाही, त्यातही हेडलाइट थेट एसीवर आणि बॅटरीला अर्धीच लहर. म्हणून आमचं पहिलं काम असतं चार्जिंग मोजण्याचं. कॉइलचं अर्थिंग सुटं करायचं, दोन्ही टोकं बाहेर काढायची, पूर्ण लहर डीसी करणारा फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर लावायचा, हेडलाइट डीसीवर घ्यायचा आणि बल्ब एलईडी करायचा. स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन मंद चालताना, दिवा आणि ब्रेकलाइट चालू असताना बॅटरीवर 13 व्होल्टच्या वर काटा राहिला, तरच पुढचं पाऊल.

हे इतकं का ताणतो, ते एका गाडीनं पक्कं केलं. तिचं इंजेक्शन दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं होतं. रस्त्यावर उत्तम पळायची, सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. मालकानं इंजेक्टर दोनदा बदलून घेतला होता. आम्ही स्लोवर व्होल्टेज बघितलं, ते 11 च्या खाली जात होतं. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून आतली सुई उचलली जाईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि व्होल्टेज पडलं की हा वेळ वाढतो. एका सिलिंडरच्या गाडीत स्लोवर इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा असतो. त्यातला आणखी अर्धा मिलिसेकंद सुई उचलण्यात गेला, तर पेट्रोल येणार किती? ईसीयूमधला व्होल्टेजनुसार भरपाई करणारा तक्ता कोरा होता. तो भरला, चार्जिंग सुधारलं आणि गाडी सिग्नलला बंद पडायची थांबली. इंजेक्टरचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

विजेनंतर येतो क्रँकचा सिग्नल, म्हणजे इंजिन फेरीत कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा इशारा, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जुन्या मॅग्नेटवर एका फेरीला एकच उंचवटा असतो. इग्निशनला तो पुरतो. पण एका सिलिंडरचं इंजिन एका फेरीतही सारख्या वेगानं फिरत नाही. कॉम्प्रेशनला अडतं, पॉवरला झेपावतं. किक मारताना तर हा फरक फारच मोठा. म्हणून आम्ही मॅग्नेटवर दातेरी चकती बसवतो, बाराची किंवा चोवीसची, त्यातला एक दात गाळलेला. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं. हा फेरा कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा, हे मॅनिफोल्डच्या दाबावरून ओळखता येतं. इनटेकला दाब खाली येतो, ती खूण.

सेन्सर मॅग्नेटिक असेल तर त्याच्या दोन वायरींना उलट-सुलट असतं, आणि हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावावा लागतो. योग्य जोडणीत दाताचा मध्य समोरून जाताना रेघ शून्यातून सर्रकन उतरते. वायरी उलट असल्या की ती उतरण दातांमधल्या खाचेवर जाते आणि गाळलेल्या दाताच्या जागी रेघ शून्यापाशी रेंगाळते. त्या रेंगाळण्यातला नेमका क्षण ईसीयूला पकडता येत नाही. मग गाडी चालू होते, पण वेग वाढला की टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकतं आणि मिसिंग येतं. माणूस पेट्रोलच्या तक्त्यात दोष शोधत बसतो. आमच्याकडे स्कोपवरची रेघ स्वच्छ दिसल्याशिवाय कोणी पेट्रोलच्या आकड्याला हात लावत नाही. किकच्या मंद फिरण्यात मॅग्नेटिक सेन्सरचा सिग्नल फारच अशक्त येतो, त्यामुळे नुसत्या किकवरच्या गाड्यांना आम्ही हॉल सेन्सर देतो, त्याचा सिग्नल मंद वेगातही पूर्ण ताकदीचा असतो.

ट्यूनिंगला वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारा, लॅम्डा सेन्सर लागतो. एका सिलिंडरच्या आखूड सायलेन्सरमध्ये स्लोवर मागून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर खोटं लीन दाखवतो. त्यावर विसंबून पेट्रोल वाढवत गेलं की प्लग काळा. तिथे मी अजूनही इंजिनाच्या आवाजावर आणि प्लगच्या रंगावर जातो, आणि एवढ्यापुरता का होईना, माझा जुना हात कामी येतो याचा मला आनंद आहे.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही कुणाचं ऐकत नाही. कार्बोरेटरचं पेट्रोल टाकीतून नुसतं खाली उतरतं, इथे ते 3 बार दाबाखाली असतं. नळी इंजेक्शनच्याच दर्जाची, क्लिपही त्याच जातीची. चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद चालून थांबला पाहिजे आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे. गाडी आडवी झाली तर पुरवठा तोडणारा सेन्सर लावल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. परतीच्या नळीसाठी टाकीला वेल्डिंग शक्यतो करत नाही. पेट्रोल कॉकच्या जागी दोन वाटांची प्लेट करून घेतो.

काही गाड्यांना आम्ही नाही म्हणतो. सहा व्होल्टची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिचा कार्बोरेटर नीट बांधून देणं हेच तिच्या भल्याचं. मालक कधीकधी नाराज होतात. बॅटरी उतरली तर किक मारून निघायची सवय ज्यांना सोडायची नाही, त्यांनाही आम्ही आधीच सांगतो की बॅटरीत जीव नसेल तर पंप दाब धरणार नाही. नोंदणी आणि प्रदूषणाचे नियम जिथले तिथे वेगळे, तेव्हा इंजिनात असा बदल चालतो का याची चौकशी मालकानं काम सुरू होण्याआधी करायची.

ज्यांचं काम करतो, त्यांना मूळ कार्बोरेटर साफ करून, जेटचे नंबर लिहून परत देतो. सोबत वायरिंगचा नकाशा आणि ईसीयूमधली संपूर्ण फाइल, कुलूप न लावता. धंद्यात असं करू नये, असं अनेकांनी सांगितलं. पण गाडी त्यांची आहे, उद्या दुसऱ्या गावात अडली तर तिथल्या माणसाला आत बघता आलं पाहिजे.

सध्या दोन सिलिंडरच्या, दोन वेगळ्या थ्रॉटलच्या गाड्यांवर काम चालू आहे. तिथे मॅनिफोल्डचा दाब कमालीचा उसळतो, म्हणून कमी थ्रॉटलला दाबावर आणि जास्त थ्रॉटलला थ्रॉटलच्या कोनावर पेट्रोल ठरवायचं, असा मेळ घालतो आहोत. अशी गाडी तुमच्याकडे असेल तर आम्हाला आधी इंजिनाचा फोटो नको. स्लोवर आणि 3000 आरपीएमला, दिवे लावून, बॅटरीवर किती व्होल्ट येतात तेवढे मोजून कळवा.