घरच्या सर्व्हरवर फोटो आणताना: सीजीनॅट, लक्स आणि कलम ६९

घरातले पंधरा वर्षांचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन आणि गावच्या हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनांची रेकॉर्डिंग असा सगळा पसारा मी गूगलच्या क्लाउडवरून काढून घरच्या सर्व्हरवर आणला. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण माझ्या घरची माहिती कुणाला हवी असेल तर त्याने माझ्या दाराशी यावं, कागद दाखवावा आणि तो मला वाचू द्यावा. माहिती परक्या सर्व्हरवर असली की ती कुणी मागितली हेसुद्धा आपल्याला कळेलच असं नाही.

मशीन म्हणून जुना ऑफिसातला मिनी पीसी पुरतो. आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, सिस्टिमसाठी २५६ जीबी एनव्हीएमई आणि डेटासाठी २ टीबी सॅटा एसएसडी. वॉटमीटर लावून पाहिलं तर निवांत असताना १० ते १२ वॉट खातो, म्हणजे महिन्याला सात-आठ युनिट. रास्पबेरी पाय ४ मी मुद्दाम टाळला. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यामुळे दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की एखादी मध्येच गायब होते आणि फाइल सिस्टिम बिघडते. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग आधी चालू करा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि पीसीला ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावला की लाइटच्या लपंडावाची चिंता बरीच मिटते.

डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकताना सिस्टिम डिस्क उघडी ठेवली आणि फक्त डेटाची डिस्क लक्स या लिनक्सच्या साधनाने एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासफ्रेजशिवाय ती वाचता येत नाही. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली तर प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर कुणीतरी कीबोर्ड जोडून पासफ्रेज टाकेपर्यंत मशीन अडून बसतं. आता ते स्वतः सुरू होतं, मी एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे, आत शिरतो आणि डेटाची डिस्क उघडतो.

यात एक खड्डा आहे. फोटो सांभाळायला मी इमिच हा प्रोग्रॅम वापरतो आणि तो डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, चालतो. डिस्क उघडायच्या आधीच डॉकर सुरू झाला तर इमिच आपले फोटो त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिम डिस्कवर लिहायला लागतो. नंतर डेटा डिस्क जोडली की ते फोटो तिच्याखाली झाकले जातात, दिसत नाहीत आणि सिस्टिम डिस्क मात्र भरत जाते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. डिस्क न जोडलेल्या अवस्थेत त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने अपरिवर्तनीय करा, म्हणजे त्यात रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) काही लिहिता येत नाही. आणि डॉकरच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (तो कधी सुरू व्हायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डेटाची डिस्क जोडलेली असल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही अशी अट घाला.

गूगल टेकआउटचे, म्हणजे गूगलकडून आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीचे, भाग ५० जीबीचे मागवा. २ जीबीचे मागवले तर शेकडो झिप होतात आणि उतरवायच्या लिंक साधारण आठवडाभरात बाद होतात. झिप फोडून फोटो थेट चढवण्याची चूक मात्र करू नका. अनेक फोटोंची तारीख आणि ठिकाण शेजारच्या जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये असतं, ते हरवलं की सगळे फोटो आजच्या तारखेला येऊन पडतात. इमिच-गो हे छोटं साधन झिप तशीच वाचून दोन्हीची जोडी लावतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमध्ये कॅमेऱ्याची माहिती उरलेलीच नसते, त्यांची तारीख फाइलच्या नावातून काढावी लागते.

बाहेरून घरी पोचणं हा खरा डोंगर. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची विनंती राउटरने घरच्या मशीनकडे वळवण्याचा) काही उपयोग नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर आयपी घेता येतो, किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) वापरता येतो, पण समोरच्या फोनला आयपीव्ही६ नसेल तर तिथेही अडतं. मी छोटा भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (एन्क्रिप्ट केलेला जोड) टाकला. व्हीपीएसला १०.८.०.१, घरच्या पीसीला १०.८.०.२, पुढचे आकडे फोनना. घरच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोड जिवंत ठेवणारा संदेश) २५ सेकंदांचा ठेवला, नाहीतर सीजीनॅट काही वेळाने वाट विसरतो आणि बाहेरून संपर्क तुटतो. व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं आणि व्हीपीएस देणाऱ्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० हा वायरगार्डचा पोर्ट उघडायचा. हा पोर्ट बंद राहिला तर वायरगार्ड काहीच तक्रार करत नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून शेवटचा हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) किती सेकंदांपूर्वीचा आहे ते आधी बघावं. पिंग जातो पण पानं अर्धवट उघडतात, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार, चुकलेला असतो. पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून चालणाऱ्या) जोडणीवर १४१२ ठेवा.

डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला जुमानत नाहीत, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल-नियमांत) स्वतःचे नियम घालतो. म्हणून प्रत्येक कंटेनरचा पोर्ट १०.८.०.२ किंवा घरच्या नेटवर्कच्या पत्त्यालाच बांधा.

व्हीपीएस घेताना सरकार समोर येतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएस, क्लाउड आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचा हेतूसुद्धा पाच वर्षं जपून ठेवायचा आहे, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही. त्याच वर्षी एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. मी माझी खरी माहिती दिली, द्यायलाच हवी. आक्षेप प्रमाणाचा आहे. कोणताही संशय नसताना प्रत्येकाची नोंद पाच वर्षं ठेवणं म्हणजे सगळ्या गावाची झडती घेऊन ठेवण्यासारखं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निकाल दिला आणि कायदा, गरज व प्रमाण या कसोट्या सांगितल्या. हे निर्देश तिसऱ्या कसोटीला उतरतात असं मला वाटत नाही.

एन्क्रिप्शनबद्दलही गैरसमज नको. लक्स चोरापासून आणि दुरुस्तीच्या दुकानापासून वाचवतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली डेटा उलगडून द्यायचा आदेश आला आणि मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझी तक्रार अशी की हा आदेश न्यायाधीश देत नाही. तो केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिव देतो आणि त्याची छाननी करणारी समितीही सचिवांचीच असते. घराची झडती घ्यायला सर्वसाधारणपणे न्यायालयाचं वॉरंट लागतं, मग घरच्या डिस्कला का नको?

धर्माचा विषय इथे ओढूनताणून आणलेला नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या दंगलीनंतर सातारा जिल्ह्यातही तेच झालं. मी श्रद्धाळू आहे, कीर्तनं जपतो ती त्यासाठीच. ज्याने चिथावणी दिली त्याचा तपास व्हावा, दंगल करणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण भाजीवालीचा यूपीआय आणि विद्यार्थ्याचा फॉर्म बंद करून कुठल्याही देवाचा मान राखला जात नाही. धार्मिक भावना दुखावण्याचं पूर्वीचं कलम २९५अ, आता न्याय संहितेचं कलम २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृतीपुरतंच आहे. हेतू तपासायच्या आधी अटक झाली तर कलमाचा तो अर्धा भाग फाडून टाकल्यासारखं होतं. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातला आदेश मागा आणि वाचा.

अशा बंदीच्या वेळी घरातल्या घरात सर्व्हर चालायला हवा आणि नेमका तेव्हाच तो बंद पडल्यासारखा दिसतो. कारण सर्व्हरचं नाव बाहेरच्या डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडून) सोडवलं जात असतं. ॲडगार्ड होम किंवा पाय-होल हा घरचाच डीएनएस लावून त्यात आपल्या नावापुढे घरचा आयपी लिहून ठेवा. अँड्रॉइड फोन इंटरनेट नसलेलं वायफाय सोडून मोबाइल डेटाकडे पळतो. तेव्हा येणाऱ्या सूचनेवर ‘जोडलेलं राहू द्या’ निवडावं लागतं. सर्व्हरची ओळख ब्राउझरला पटवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, ९० दिवसांचं. नूतनीकरण ३० दिवस आधी होत असेल तर आठवड्याभराच्या बंदीने ते अडत नाही. सीजीनॅटमागे डीएनएस पद्धतीनेच (डीएनएसमध्ये नोंद करून) प्रमाणपत्र घ्यावं, त्याला एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

डिस्क जप्त होण्याची वेळ कुणावर येऊ नये. आली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करायचं असतं, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य (डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा) लिहायचं असतं. हॅश जागेवरच काढून पंचनाम्यात लिहून घेण्याची विनंती करा. भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरमधून फायली घुसवल्याचा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये काढला, आणि एनआयएने तो मानला नाही. कोण खरं हे न्यायालय ठरवेल. पण हॅश सुरुवातीलाच नोंदलेला असेल तर जप्तीनंतर काही बदललं की नाही यावर वादच राहत नाही.

मी दर महिन्याला सगळ्या फायलींच्या एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रकार) मूल्यांची यादी काढतो, त्या यादीचा हॅश काढतो आणि तो ईमेलने वकिलांना पाठवतो, म्हणजे तारखेची नोंद राहते. तीच यादी बॅकअप तपासायला वापरता येते.

बॅकअप रेस्टिक या साधनाने दोन यूएसबी डिस्कवर घेतो. एक घरात, एक दुसऱ्या गावी, तीन महिन्यांनी अदलाबदल. इमिचचे नुसते फोटो घेऊन भागत नाही. अल्बम, नावं, चेहरे पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि मग फोटो. रिस्टोअर करताना डंप घेतला तेव्हाची इमिचची आवृत्ती लागते, म्हणून आवृत्तीचा आकडा आणि कंपोज फाइल (डॉकरमधल्या मांडणीची फाइल) बॅकअपमध्येच ठेवा. लक्सच्या हेडरचीही प्रत काढा. डिस्कच्या सुरुवातीचे ते काही एमबी बिघडले तर पासफ्रेज बरोबर असूनही काहीच उघडत नाही. हेडरची प्रत रेस्टिकमध्ये आहे. पासफ्रेज आणि रेस्टिकचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून, पाकिटात घालून बायकोच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत.