नान्नजच्या माळावर एक सकाळ

सोलापूर सोडून बार्शी रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. रस्त्याकडेला द्राक्षबागा. सोनाका ही लांबट मण्यांची जात इथल्याच नानासाहेब काळे यांची, पुढे ती महाराष्ट्रभर गेली. बागा संपल्या की माळ लागतो. जानेवारीत गेलो होतो, कुसळी गवत वाळून पिवळंजर्द झालेलं. काळविटांचा कळप दिसला, गवताला लगटून उडणारा भोवत्या हा शिकारी पक्षीही दिसला. माळढोक हा दुर्मीळ पक्षी दिसणार नाही हे धरूनच निघालो होतो. हल्ली एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य जाहीर झालं, तेही थेट 8,496 चौरस किलोमीटरचं! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आत. जमिनीच्या व्यवहाराला अडचण, रस्त्याला अडचण. पक्षी राहिला बाजूला, लोकांच्या तोंडी त्याच्या नावाने शिव्या मात्र आल्या. 2012 मध्ये हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आणली, तोवर पक्षी हाताच्या बोटांवर आले होते.

पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकतो. मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा अशा कोरडवाहू रानात त्याचं भागायचं. पाणी आलं, ऊस-द्राक्षं आली, तारेची कुंपणं आली, मग त्याने उतरायचं कुठे? तरी शेतकऱ्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही दगा. बोअरला पाणी लागल्यावर कोण ज्वारीवर थांबेल?

माझा राग आहे तो दिसेल त्या माळावर झाडं लावत सुटणाऱ्यांवर. सत्तरीच्या दशकात दुष्काळी कामांत इथली काही कुरणं राखली गेली, चराई थांबली, गवत वाढलं, काळविटं वाढली. आणि अशाच माळांवर उंदीरमारीची (ग्लिरिसिडिया) झाडंही लावून ठेवली! गवताळ माळावर राहणाऱ्या पक्ष्याला, हरणाला आडोसा नको असतो, लांबवरचं दिसायला हवं असतं. पण झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की अजूनही पावसाळ्यात फोटोसाठी माळावर खड्डे खणले जातात.

पुढे एका धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. वाघर (जाळीचं कुंपण) लावलेली, आत कोकरं.

"कुठनं आलाव?"

"सोलापूरहून, मामा. लांडगा आहे का इकडं?"

"हाय की. परवा कोकरू नेलं."

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "न्हेतोच त्यो. त्याचा वाटा हाय." चिडलेले अजिबात नव्हते. त्यांची खरी तक्रार वेगळी होती. पूर्वी सुगी उरकली की शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे. खताच्या बदल्यात धान्य मिळायचं, वर चार पैसे. "आता बागंत मेंढरू कोण येऊ देतंय? रान मोकळं ऱ्हातच न्हाई." आमच्यासोबत आलेला बागायतदार हे ऐकून हसला, पण त्याचंही रडगाणं होतंच. रात्री काळविटं हरभऱ्यात शिरतात, बॅटरी घेऊन राखण करावी लागते, आणि भरपाईचा अर्ज म्हणजे हेलपाट्यांवर हेलपाटे. "तुम्ही बघायला येताव, आम्ही हाकलायला उठतो," म्हणाला. मग दोघं बराच वेळ लेंडीखताच्या भावावर घासाघीस करत बसले. पुढच्या छाटणीआधी दोन ट्रॉल्या टाकायचं ठरलं.

जायचं असेल तर हिवाळ्यात, उजाडताच जा. सोलापूर-बार्शी एसटी नान्नजवरून जाते. आत शिरताना वनखात्याला विचारा, आणि गाडी गवतात घालू नका. धाविक, टिटव्या असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, ती चाकाखाली गेलेली कळतही नाहीत. हुरड्याचे दिवस असतात, शेंगा चटणी सोबत न्या.