गळणारी टाकी आणि वाढणारे पाणी

समोरच्या काचेवर पाणी मारणाऱ्या टाकीची गळती हे गॅरेजमध्ये किरकोळ काम समजले जाते, आणि त्या दिवशी ती जुनी गाडी आत घेताना माझाही समज तोच होता. गाडी वीस वर्षांहून जुनी असली तरी निगुतीने वापरलेली होती. मालकांचे म्हणणे असे, की गाडी फिरवून आणून उभी केली की पुढच्या चाकामागे पाणी साचते आणि टाकीला दोनदा डिंक लावूनही ते थांबत नाही. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: काच पुसली की धूसर होते म्हणून वायपरची रबरे नुकतीच बदलली आहेत, आणि या टाकीत बरेच दिवस पाणी भरावे लागलेले नाही. दुसरी गोष्ट ऐकताच मी थांबायला हवे होते. गळणारी टाकी भरावी लागत नाही, हे विधान तसे पाहिले तर विचित्रच होते. पण माझे हात तोवर चाक खोलू लागले होते.

चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर काढल्यावर टाकी दिसली. तिच्या तळाशी पंप रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात, दाबून बसवलेला होता आणि थेंब नेमके पंपाच्या टोकावरूनच पडत होते. बाजूला डिंकाचे पापुद्रे सुटून लोंबत होते; त्यात नवल नव्हते, कारण अशा टाक्या बहुधा पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यावर साधा डिंक धरत नाही, चीर गेलीच तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकने वेल्ड करावी लागते. ग्रोमेट कडक झाले होते. मी नवे ग्रोमेट साबणाच्या पाण्यात बुडवून बसवले, टाकी भरली, थोडा वेळ पाहिले आणि कोरडी आहे अशी खात्री करून गाडी सोडली. संध्याकाळी गाडी परत आली आणि चाकामागे पुन्हा तेवढेच ओले होते.

आता मात्र मी घाई केली नाही. या टाकीला पंपाच्या नळीखेरीज आणखी दोन जाड नळ्या जोडलेल्या होत्या. काही गाड्यांत टाकीतले पाणी विजेच्या कॉइलने गरम करतात; या गाडीत इंजिनाचे गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रावण, एका धातूच्या वेटोळ्यातून टाकीच्या आत फिरवलेले होते, जेणेकरून थंडीत पाणी गोठू नये आणि काचेवरचा चिकटा लवकर सुटावा. इंजिन तापल्यावर हे कूलंट नव्वद अंशांच्या आसपास असते आणि दाबाखाली असते. टाकीतल्या पाण्यावर मात्र कसलाही दाब नसतो.

मी टाकी रिकामी करून धुतली, अर्ध्यापर्यंत स्वच्छ पाणी भरले, पातळीवर मार्करने रेघ ओढली, बाहेरून सगळे पुसून पंपाखाली पांढरा कागद अंथरला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी कागद कोरडा होता आणि पाणी रेघेवरच होते. मग इंजिन चालू करून पंखा लागेपर्यंत तापू दिले आणि बॅटरीचा झोत टाकीच्या मागून टाकला. पाणी रेघेच्या वर बोटभर चढले होते आणि त्याला फिकट हिरवी झाक आली होती. तापल्याने पाणी फुगते हे खरे, पण वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत ते जेमतेम दीड टक्का फुगते. बोटभर वाढीचा हिशेब त्यात बसत नव्हता. कूलंटच्या टाकीतली पातळी पाहिली, तर ती खाली गेलेली होती.

म्हणजे टाकी गळत नव्हती, भरत होती. वेटोळ्यातून झिरपणारे कूलंट तिला काठोकाठ भरत होते, तोंडातून ओसंडणारे पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळत सर्वांत खालच्या भागाकडे, म्हणजे पंपाकडे, जाऊन तिथून ठिबकत होते, आणि मी त्या थेंबाचा माग उलटा न काढता बिचाऱ्या ग्रोमेटलाच दोषी ठरवले होते. धूसर काचेचा उलगडाही झाला: कूलंटमधला ग्लायकॉल पाण्यासारखा चटकन उडून जात नाही, काचेवर त्याचा तेलकट थर राहतो, आणि वायपर तो फक्त पसरवतो. नवी रबरे उगाचच बदलली गेली होती.

इंजिन गार झाल्यावर वेटोळे बाहेर काढले, एक तोंड बंद करून ते बादलीत बुडवले आणि दुसऱ्या तोंडातून हलकी हवा दिली. एका वळणाच्या पोटातून सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळ निघाली. तसले वेटोळे मिळण्यासारखे नव्हते, आणि धातू इतका पातळ झाला होता की झाळकाम टिकले नसते. मी मालकांना स्पष्ट सांगितले, की दोन्ही नळ्या धातूच्या जोडनळीने एकमेकींना जोडता येतील, परंतु पाणी यापुढे तापणार नाही आणि गोठणाऱ्या थंडीत टाकीत न गोठणारे वॉशरचे द्रावणच भरावे लागेल. त्यांना ते मान्य होते. टाकीला वेटोळ्यासाठी असलेली दोन भोके नव्या बुचांनी बंद केली, नळ्या आणि नॉझल धुऊन काढले, कूलंट भरून त्यातली हवा काढली. टाकीतले दूषित पाणी वेगळ्या डब्यात बंद करून ठेवले, कारण ग्लायकॉल विषारी असूनही चवीला गोड असतो आणि सांडलेला तसाच राहिला तर जनावरे तो चाटतात. काच मात्र तीनदा पुसावी लागली. जुनी रेघ पुसून मी नवी ओढली आणि गाडी फिरवून आणली. इंजिन पुरते तापलेले असतानाही पाणी रेघेवरच होते.