रविवारची वही

गेल्या महिन्यातली एक केस अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. क्लिनिक बंद करायच्या वेळेला आजी, बाबा आणि पाचवीतली मुलगी आले, भाजीच्या टोपलीत टॉवेलवर त्यांचा गिनी पिग, लाडू. बाबा म्हणाले दोन दिवस नीट चालत नाहीये, सोफ्यावरून पडला असेल, एक्सरे काढा. मागचे दोन्ही गुडघे सुजलेले, हात लावला की किंचाळायचा, हिरड्यांना थोडं रक्त. पण मोडल्यासारखं काही हाताला लागेना, दाढाही ठीक होत्या. खातो का विचारलं तर म्हणे हो, खातो की थोडं थोडं.

तेवढ्यात मुलीने पिशवीतून वही काढली. दर रविवारी किचनच्या काट्यावर रिकामा डबा ठेवून झीरो करायचा, मग लाडूला आत बसवून ग्रॅम लिहायचे. शेवटचे आकडे ८६२, ८५८, ८६१, ८३९, ८०८ आणि माझ्या काट्यावर ७७१. दहा टक्क्यांच्या वर वजन गेलेलं आणि घरात कुणालाच दिसलं नव्हतं, कारण एकतर अंगावर एवढी लोकर आणि दुसरं म्हणजे हा प्राणी दुखणं लपवतो, शिकार होणाऱ्या सगळ्यांचंच असतं तसं. "वजन उतरायच्या आधी खाण्यात काय बदललं?" मी विचारलं. सगळे गप्प. मग आजी म्हणाल्या, "मीच ढोबळी मिरची बंद करायला लावली. मुक्या जनावराला मिरची कसली घालता, पोट जळेल त्याचं."

मिरचीऐवजी काकडी सुरू झालेली आणि पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, होत्या सशाच्या. ससा व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतो, गिनी पिगला ते जमत नाही, अगदी आपल्यासारखंच, म्हणून सशाच्या पेलेट्समध्ये ते सहसा घातलेलं नसतं. काकडीत तर जवळजवळ नाहीच. म्हणजे लाडूला झाला होता स्कर्व्ही, व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार; सुजलेले गुडघे आणि हिरड्यांचं रक्त त्याचंच. आजींचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "आजी, ही मिरची तिखट नसतेच, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, तुमची काय चूक?"

वेदनाशामक दिलं, सी रोज सिरिंजने थेट तोंडात द्यायला सांगितलं (पाण्याच्या बाटलीत टाकू नका, तिथे ते टिकत नाही), पेलेट्सची पेस्ट करून थोडी थोडी भरवायची, कारण यांचं पोट काही तास जरी रिकामं राहिलं तरी आतडी थंडावतात. वाळलं गवत कायम समोर हवंच, ते घरचे देतच होते. तीच मुलगी सगळं लिहून घेत होती.

चौथ्या दिवशी लाडू चालायला लागला. आता दर रविवारी आजींच्या फोनवरून काट्याचा फोटो येतो. ७७४, ७८९, काल ८१२, आणि फोटोच्या कोपऱ्यात ढोबळी मिरचीची फोड.