मागचे दोन स्पीकर

शनिवारी दुपारी जुन्या रजया द्यायला म्हणून चॅरिटी शॉपमध्ये गेलो आणि तिथल्या डीव्हीडींच्या रॅकमध्ये, दोन प्रेमपट आणि एक योगासनं यांच्या मधोमध, क्वीन या ब्रिटिश बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम सापडला. काउंटरवरच्या आजींना ती कॉन्सर्टची फिल्म वाटली असणार. होती डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे नुसतं गाणी ऐकायची डिस्क, 2002 सालची, 5.1 मिक्सवाली, म्हणजे पुढे तीन, मागे दोन आणि बेसचा एक असा सहा स्पीकरमध्ये वाटलेला आवाज. माझ्याकडे ती आहे. तरी घेतली.

"आपल्याकडे आहे ना ही?" बायको.

"तिच्यावर चरे पडलेत."

"आणि हिच्यावर?"

"हिच्यावरही आहेत, पण दुसऱ्या गाण्यावर."

ज्यांना हे उत्तर पटलं त्यांच्यासाठीच पुढचं लिहितोय.

डीव्हीडी-ऑडिओचं सगळं पुराण सांगत बसत नाही. 1999 मध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, तीही तसलीच डिस्क) आली, 2000 मध्ये डीव्हीडी-ऑडिओ, दोघी भांडत बसल्या, तेवढ्यात लोकांनी गाणी आधी कॉम्प्युटरात आणि मग फोनात घातली आणि विषय संपला. मागे राहिलो आम्ही, बहुतेक पन्नाशीचे, बहुतेक पुरुष, आणि बहुतेकांच्या घरी सोफ्याच्या मागे काय ठेवायचं आणि काय नाही यावरून कायमची धुसफूस. प्लेअर अर्थातच सेकंडहँड, त्याच्या पाठीतून सहा केबली निघतात, कारण त्या काळी कंपन्यांना चोरीची इतकी धास्ती की चांगल्या दर्जाचा आवाज डिजिटल वायरीतून बाहेरच सोडायचे नाहीत. त्या सहातली एक जरा हलली की क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी मागच्या डाव्या कोपऱ्यातून गायब. मग मी टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या मागे आडवा.

माझी एक खोड आहे. नवी डिस्क आली की पहिल्यांदा पुढचे तिन्ही स्पीकर बंद करायचे आणि फक्त मागचे दोन ऐकायचे. तिथे कोण बसलंय ते बघायचं. कधी नुसती कोरसवाली मंडळी सापडतात, कधी एक ॲकॉस्टिक गिटार जी इतकी वर्षं या गाण्यात आहे हे माहीतच नव्हतं, आणि कधी, म्हणजे फार वेळा, नुसत्या टाळ्या. लाइव्ह अल्बम असला की हमखास. बँड सगळा पुढे, मागे पब्लिक शिट्ट्या मारतंय. अरे मी दोन स्पीकर, दोन स्टँड आणि भिंतीच्या कडेने लपवलेली एवढी वायर टाळ्यांसाठी घेतली का? घाबरट मिक्स करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जुन्या अल्बमची नवी मिक्स करणाऱ्या स्टीव्हन विल्सनचं बरं आहे, तो किंग क्रिमसन या बँडपासून (2009, त्यांच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' या अल्बमची चाळिशी) हे काम करतोय, आधी मूळ स्टीरिओ मिक्स जमेल तितकं हुबेहूब परत बांधतो आणि मगच तो पाच स्पीकरवर पसरतो, त्यामुळे गाणं तेच राहतं, फक्त आपण आत जाऊन बसतो. यावर माझ्याशी वाद घालायला लोक आहेत, घालोत.

तर क्वीन. हा अल्बम मी पहिल्यांदा वाईला ऐकला, मावसभावाने मुंबईहून भरून आणलेल्या कॅसेटवर. आमच्याकडे असेंबल केलेला डेक होता, त्याला दोन स्पीकर, एक माठात बसवलेला (तेव्हा फॅशनच होती, बेस चांगला येतो म्हणायचे) आणि दुसरा नुसता शोभेला, कारण त्या बाजूचा चॅनलच मेलेला. दुरुस्तीवाला म्हणाला आयसी (आतली चिप) उडालाय, साताऱ्याहून आणावा लागेल. तो साताऱ्याला जायचा, यायचा, आयसी काही यायचा नाही. त्यामुळे शाळा संपेपर्यंत मी याच अल्बममधली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अर्धी ऐकली. अर्धी म्हणजे लांबीने नाही, रुंदीने. त्या ऑपेराच्या भागात गॅलिलिओ-गॅलिलिओ असं इकडून तिकडे चालतं ना, तर आमच्याकडे एक गॅलिलिओ यायचा आणि दुसऱ्याच्या जागी शांतता. मला वाटायचं गाणंच तसं आहे, कुणीतरी हाक मारतंय आणि पलीकडचा ओ देत नाहीये. फार दुःखी गाणं वाटायचं ते. पुढे कॉलेजात हेडफोनवर दोन्ही बाजू ऐकल्या तेव्हा खरं सांगायचं तर थोडा विरस झाला, एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे हा गाणारा माणूस आमच्या डोक्यावरच शिकायला होता. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी, तिथल्या सेंट पीटर्सच्या बोर्डिंगमध्ये, फारुख बुलसारा, म्हणजे आपला फ्रेडी. शाळेत बँड होता त्यांचा, द हेक्टिक्स, त्यात हा पियानो वाजवायचा. आम्ही त्या घाटातून एसटीने शंभरदा गेलो असू, स्ट्रॉबेरी खाल्ली, टेबललँडवर घोड्यावर बसलो, पण हे सांगणारं कुणी भेटलं नाही. घरात आम्ही सोडून कुणाला ते ऐकायचंही नव्हतं. आजीला तो आवाज आवडायचा मात्र. "कोण ओरडतोय पण सुरात ओरडतोय," म्हणायची.

आजीवरून आठवलं. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर भजन असायचं आणि आजी मला मांडीवर घेऊन सरळ मंडळाच्या आतच बसायची, पोरांना कोण काय म्हणणार. पुढे पेटी, डावीकडे पखवाज, आणि टाळवाले गोल करून चहूबाजूंनी. झोप यायची, डोळे मिटलेले, आणि बुवांनी ओळ टाकली की ती मागून उचलली जायची, मग उजवीकडून, मग परत पुढे. टाळ कानाच्या इतके जवळ की दात शिवशिवायचे. या अल्बमवर 'द प्रॉफेट्स साँग' म्हणून क्वीनच्या गिटारवाल्या ब्रायन मेचं आठ मिनिटांचं गाणं आहे, त्यात मधेच वाद्यं थांबतात आणि फ्रेडी एकटा गातो, टेप डिले लावून त्याचीच ओळ त्याच्या अंगावर परत येते, तिच्यावर तो पुढची ओळ टाकतो. 5.1 मध्ये ती ओळ खोलीभर फिरते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम त्या घाटावरच्या सतरंजीचा वास आला. लोक म्हणतात सराउंड खोटं आहे, बँडच्या मधोमध कोण बसतं कधी. आम्ही बसायचो की!

असो. हे वेड नवं नाही. पिंक फ्लॉइड या बँडने 1967 मध्येच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ॲझिमथ को-ऑर्डिनेटर नावाचं यंत्र वापरून आवाज हॉलभर फिरवला होता, ॲबी रोड या रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या एका तंत्रज्ञाने बनवलेलं. मग सत्तरीत क्वाड आलं, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, पण सीबीएसचं एसक्यू, सॅन्सुईचं क्यूएस आणि जेव्हीसीचं सीडी-4 असे तीन पंथ, एकाची रेकॉर्ड दुसऱ्याच्या मशीनवर धड वाजायची नाही, लोक वैतागले आणि स्टीरिओवर परत गेले. ते मिक्स मात्र गोदामात पडून राहिले आणि आता पन्नास वर्षांनी ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीवाले ते ब्लू-रेवर काढतायत, आणि मी ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' चार कोपऱ्यांतून ऐकतोय. याची गरज होती का? नव्हती. मजा येते का? फार.

सगळ्यात जास्त पैसे गेले ते पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर. मूळ 1973 चा. त्याच्या रेकॉर्डिंगचा इंजिनिअर ॲलन पार्सन्स, त्याचं क्वाड मिक्स त्याच वर्षी झालेलं, दुसरा इंजिनिअर जेम्स गथ्री, त्याचं 5.1 आलं 2003 मध्ये एसएसीडीवर, 2011 च्या इमर्शन नावाच्या मोठ्या बॉक्समध्ये दोन्ही एकत्र, 2023 मध्ये ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारं मिक्स. 'टाइम'च्या सुरुवातीची ती घड्याळं पार्सन्सने मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच एकेक करून टेप केली होती, म्हणजे ती दोन स्पीकरमध्ये इतकी वर्षं अंग चोरून बसली होती असं माझं म्हणणं. चार कोपऱ्यांतून वाजली की आमची मांजर खोली सोडून जाते. त्या 2011 च्या बॉक्समध्ये एक स्कार्फ होता, कोस्टर होते आणि चक्क गोट्या होत्या. मला हवी होती एक ब्लू-रे. "एवढे पाउंड गोट्यांना?" असं घरात विचारलं गेलं आणि त्यावर अजूनही उत्तर नाही. स्कार्फ बायको थंडीत वापरते. कोस्टरवर चहा ठेवू देत नाही मी कुणाला.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, या सगळ्या थाटात नीट ऐकू येणारी जागा एकच असते. सोफ्याचा मधला भाग. एक वीत इकडे सरकलं की मागचा स्पीकर कानात ओरडतो. पाहुणे आले, कौतुकाने लावून दाखवलं, की एक जण मधे बसतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात, मग दर दोन मिनिटांनी जागा बदलायची, तेवढ्यात गाणं संपतं आणि कुणीतरी विचारतं मराठी काही आहे का यात. मराठी नाही. मागचे दोन स्पीकर एरवी कपडे वाळत घालायला वापरले जातात, इथल्या पावसात दुसरं काय करणार.

गेल्या महिन्यात कानाची तपासणी केली, उगाच, वय झालं म्हणून. त्या बाईंनी आलेख दाखवला. डावा कान ठीक. उजव्याची रेघ चार हजार हर्ट्झच्या पुढे सरळ खाली. काही करायचं नाही म्हणाल्या, मोठ्या आवाजात ऐकू नका. मी मान डोलावली. घरी येऊन मागचा उजवा स्पीकर दीड डेसिबलने वाढवला, पुढचा उजवा एकने, आणि आता तेवढ्याने जमतंय, निदान अजून तरी. पुढे बघू. जेथ्रो टल या बँडचा एक बॉक्स यायचाय, त्याचे पैसे भरून झालेत.