गच्चीवरून फेकलेला चेंडू आणि क्लासमधला तो तक्ता

अकरावीचं प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची हवेतली गती, आता मला व्यवस्थित जमतं, तरी कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासच्या भिंतीवरचा तो तक्ता आठवला की अजून डोकं तापतं. टाइम ऑफ फ्लाइट (हवेतला वेळ), मॅक्सिमम हाइट, रेंज (आडवं अंतर) अशी तीन सूत्रं. "पाठ करा, आकडे टाका, मोकळे व्हा." चेंडू सुटला त्याच पातळीवर परत पडणार असेल तरच ही टाइम आणि रेंजची सूत्रं चालतात, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

सपाट जमिनीवरची गणितं भराभर सुटली. गाडी अडली ती पुढच्या गणितावर. गच्ची 15 मीटर उंच, चेंडूचा वेग सेकंदाला 20 मीटर, आडव्या दिशेच्या वर 30 अंशांचा कोन, जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, 10 धरायचा. चेंडू इमारतीपासून किती लांब पडेल? तक्त्याप्रमाणे वेळ येतो 2 सेकंद आणि अंतर 34.6 मीटर. पुस्तकामागे उत्तर 52. सरांना विचारलं तर म्हणाले, "हा टाइप वेगळा आहे, याचं सूत्र नंतर देतो." माझा राग आहे तो याच वाक्यावर. टाइप वेगळा नाहीच! 2 सेकंदांत चेंडू फक्त गच्चीच्या पातळीला परत येतो, खालचे 15 मीटर उतरायचे बाकीच असतात.

गुंता सोडवला तो ज्युनिअर कॉलेजच्या मॅडमनी. "तक्ता विसर बाळा. पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे फक्त आडवं, उजवीकडे फक्त उभं. वेळ दोघांची एकच."

डावीकडे आडवा वेग, 20 कॉस 30 म्हणजे 17.3. हवेचा रोध धरत नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत तेवढाच. उजवीकडे वरच्या दिशेचा वेग, 20 साइन 30 म्हणजे 10, त्वरण उणे 10 आणि विस्थापन उणे 15, कारण वरची दिशा धन धरली आणि चेंडू सुरुवातीच्या खाली पडला. वेळ टी धरला तर उणे 15 बरोबर 10 टी वजा 5 टी वर्ग. टी निघतो 3 किंवा उणे 1. 17.3 गुणिले 3, झाले 52! बेंचवरच ओरडावंसं वाटलं.

तो उणे 1 सुद्धा फुकटचा नाही. याच मार्गावरून चेंडू जमिनीवरून निघाला असता, तर गच्चीच्या पातळीला पोचायच्या 1 सेकंद आधी निघाला असता.

आकृती काढल्याशिवाय चिन्हं लिहू नका. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, ते आधी बघा. सर्वांत वरच्या बिंदूला फक्त उभा वेग शून्य होतो, आडवा तसाच राहतो आणि त्वरणही. उत्तर ताडायचं असेल तर ऊर्जेवरून जमिनीवरचा वेग काढा: 20 चा वर्ग 400, अधिक 2 गुणिले 10 गुणिले 15 म्हणजे 300, या 700 चं वर्गमूळ, साधारण 26.5. दोन रकान्यांतूनही तेवढाच आला पाहिजे.

आणि हो, "45 अंशांना चेंडू सगळ्यात लांब जातो" हेही त्याच तक्त्यावर होतं. गोल्फ क्लबच्या सपाट मैदानावर ठीक आहे. आपल्या गच्चीवरून मात्र 45 ला 51.6 मीटर येतात, 30 पेक्षा थोडे कमीच, आणि सगळ्यात लांब जातो तो 37 च्या आसपास, जवळजवळ 53 मीटर. स्वतः करून बघा, 45 ला वेळ 3.65 सेकंद यायला हवा.