पावस ते देवगड: हापूसची पेटी न सडता घरी आणायची असेल तर

रत्नागिरीहून सागरी महामार्गाने देवगडला जायचं तर सकाळी लवकर निघा. पावस, पूर्णगड, जैतापूरची खाडी, विजयदुर्ग असा रस्ता सुंदर आहे, पण वळणांचा. नकाशावर दिसतो त्याहून जास्त वेळ खातो. आम्ही मेच्या सुरुवातीला गेलो, ते विजयदुर्गाजवळच्या गिर्ये भागात थेट बागेतून आंबा घ्यायला.

पेटीतला आंबा काळा पडून सडतो, त्याचा दोष आपण प्रवासाला देतो. बागायतदार काकांनी झाडाखाली उभं करून वेगळंच दाखवलं. करपा, म्हणजे कोलेटोट्रिकम ही बुरशी, मोहोरावर आणि कोवळ्या फळावरच येते. पावसाच्या किंवा दवाच्या थेंबांबरोबर तिचे बीजाणू खाली ओघळतात, सालीत शिरतात आणि तिथेच निपचित राहतात. कच्च्या सालीतली रसायनं बुरशीला थोपवून धरतात. आंबा पिकायला लागला की ती घटतात आणि काळे डाग पसरू लागतात. संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीचं, पेनिसिलियमचं, तसं नाही. तिला आत शिरायला सालीवर जखम लागते. म्हणून संत्रं जपून हाताळलं की बरंच काम होतं. आंब्याचं निम्मं भवितव्य मात्र झाडावरच ठरलेलं असतं.

उरलेलं निम्मं देठावर. देठकूज करणारी लासिओडिप्लोडिया ही बुरशी देठाच्या बाजूने आत उतरते. त्यासाठीच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, मला फार मोलाचा वाटतो: फळ देठासकट कापून जाळीत अलगद पडतं. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. तेव्हा घेताना प्रत्येक फळाला थोडा देठ आहे का, हे आधी पाहा. नसेल तर ती पेटी स्वस्तातही घेऊ नका.

वळवाचा पाऊस पडून गेल्यावरचा माल लांबच्या प्रवासाला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेटीतला पेंढा हातात घेऊन बघा. दमट, कुबट वाटला तर बदलून मागा. बागेत सोय असेल तर काढणीच्याच दिवशी कच्ची फळं ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून सावलीत सुकवून घ्या. करपा बराच आटोक्यात राहतो. तापमापकाशिवाय हा उद्योग करू नका, पाणी जास्त तापलं तर साल भाजते.

परतताना पेट्या बंद डिकीत उन्हात ठेवू नका. रेल्वेने जाणार असाल तर देवगडहून कणकवली किंवा नांदगाव रोड गाठा, पेटीची भोकं बोचक्यांनी झाकू नका. घरी पोचल्यावर त्याच दिवशी पेटी उघडून फळं एकेरी थरात अढीत लावा, रोज हात फिरवा, देठाशी मऊ झालेलं फळ लगेच बाहेर काढा. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघाला तर तो साका. त्यात बुरशीचा हात नसतो, आणि बाहेरून तो ओळखूही येत नाही.